भूजल खात्यातल्या बदल्या

जमिनीखाली एक खातं आहे. तिथे ना परीक्षा, ना मुलाखत. उमेदवार सांडपाण्यातून आलेला असला की नेमणूक पक्की.

हैदराबादजवळच्या पाटणचेरूत ही भरती जोरात झाली. तिथल्या सामायिक प्रक्रिया केंद्रात नव्वदएक औषध कारखान्यांचं सांडपाणी यायचं. केंद्रातून 'शुद्ध' होऊन ओढ्याकडे निघालेल्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक असल्याचं स्वीडिश संशोधकांनी २००७ साली जाहीर केलं. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही इतकं नसतं. रुग्णाला गोळी मोजून, ओढ्याला मात्र सढळ हाताने! त्या पाण्यावर पोसलेले जिवाणू औषधाला जुमानेनासे झाले, तर दोष अर्थात जिवाणूंचा.

खात्यात एकेकाचा स्वभाव निराळा. सिप्रोफ्लॉक्सासिन खुर्चीला चिकटणारं. चिकणमातीचा कण दिसला की ठाण मांडलंच. पण खुर्च्या मोजक्या, उमेदवार रोज नवे. त्यात खडकाला भेगा, म्हणजे मागचं दार उघडंच. आयबुप्रोफेनला जिवाणू लवकर निवृत्त करतात, पण त्यांना ऑक्सिजन लागतो. खाली कोंदट भूजलात तो नसला की मुदतवाढ. फिट्सवरचं कार्बामाझेपिन मात्र खरं मुरलेलं. मातीत अडकत नाही, जिवाणूंना दाद देत नाही, पाण्याबरोबर निवांत पुढे सरकतं. भूजलात सांडपाणी मिसळलंय का हे शोधायला शास्त्रज्ञ याचाच माग काढतात.

बदलीचं शेवटचं ठिकाण विहीर. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाटणचेरू परिसरातल्या, तपासलेल्या एकूण एक विहिरींत औषधं निघाली. शिंकांवर सेटिरिझिन, नायट्यावर टर्बिनाफिन, नैराश्यावर सिटालोप्राम. म्हणजे अहवाल वाचून खचणाऱ्या गावकऱ्याचीही सोय झालेली.

सरकार काही झोपलं नव्हतं. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकं किती चालतील, याच्या मर्यादा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२० च्या मसुद्यात घातल्या. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत त्या नव्हत्या. जे मातीला, जिवाणूंना आणि प्रक्रिया केंद्राला साधलं नाही, ते मंत्रालयातल्या टेबलांनी दीड वर्षात करून दाखवलं. संपूर्ण विघटन! खाली गाळसुद्धा उरला नाही.