भाऊसाहेबांचं जेवण

केरळच्या नद्यांमध्ये एक पिटुकला मासा असतो. शास्त्रीय नाव कॅरिनोटेट्राओडॉन ट्रॅव्हनकोरिकस, दुकानातलं नाव पी पफर. नाव वाचून होण्याआधी मासा संपतो, कारण लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. होरा आणि नायर या दोन संशोधकांनी १९४१ साली त्याचं बारसं केलं. त्यांनी त्याला जेवताना पाहिलं नसावं. पाहिलं असतं तर नावात त्रावणकोरऐवजी दंड संहितेतलं एखादं कलम आलं असतं.

आमच्याकडे असे चार आहेत. एक नर, तीन माद्या. पोटावरची काळी रेघ आणि डोळ्यामागच्या सुरकुत्या यांवरून नर ओळखतात. त्या सुरकुत्या बघूनच बायकोनं त्याला ‘भाऊसाहेब’ करून टाकलं. माद्या म्हणजे थोरली, मधली आणि धाकटी. त्यांतली थोरली कोणती यावर घरात रोज वाद होतो, भाऊसाहेबांबद्दल मात्र एकमत आहे.

एरवी गृहस्थ सज्जन. काचेपाशी येऊन टक लावून बघतात, पाहुण्यांना वाटतं, काय लाघवी मासा आहे! संध्याकाळी मी फ्रीझरमधून ब्लडवर्मची वडी काढतो (लाल अळ्यांची ही वडी श्रीखंडाच्या डब्यापासून किती लांब ठेवायची, याबद्दल आमच्यात करार झालेला आहे) आणि लाघव संपतं. पफरचे दोन डोळे एकमेकांना न विचारता फिरतात. एक आपल्या घासावर, दुसरा शेजारणीच्या घासावर, अशी निसर्गानंच सोय करून दिली आहे आणि भाऊसाहेब ती पुरेपूर वापरतात. स्वतःच्या तोंडातून अर्धी अळी लोंबत असताना ते धाकटीच्या मागे धावतात. तोंडात चार दात जुळून झालेली चोच, तीही गोगलगायीचं कवच फोडणारी. धाकटीच्या शेपटीला कातरकाम केलेलं दिसतं, ते जन्मजात नव्हे.

आईचं निदान सरळ होतं. “अरे, पोट भरत नसेल बिचाऱ्याचं. आधी त्याला वाढ, पोटभर वाढ.” वाढलं. बिचाऱ्याचं पोट गरगरीत झालं आणि त्या पोटासकट त्यानं मधलीचा पाठलाग केला, फक्त जरा सावकाश. उरलेलं तळाशी कुजलं की पाण्यात अमोनिया वाढतो, म्हणून रात्री बादल्या घेऊन पाणी बदलायला पुन्हा मीच.

मुळात हे भांडण अन्नासाठी नाहीच. समोर दुसरा जेवताना दिसतो, म्हणून आहे. लग्नाच्या पंगतीत भांडकुदळ काकांना मधे खांब येईल असं बसवतात ना, इलाज तोच. आम्ही टाकीत व्हॅलिस्नेरिया आणि जावा मॉसचं रान माजवलं, मधे लाकडाचे ओंडके टाकले. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यातलं काही दिसायला नको. आता आधी भाऊसाहेबांना त्यांच्या कोपऱ्यात एक गोगलगाय. ती फोडण्यात ते गुंततात आणि सतत वाढणारी त्यांची चोचही झिजते. तेवढ्यात मी लांब चिमट्यानं एका बाजूला आणि बायको ड्रॉपरनं दुसऱ्या बाजूला, असं एकाच वेळी वाढतो. मधेच “अहो, आले, आले, तिकडून आले!” अशी आरोळी ऐकू येते. खालच्या मजल्यावरच्यांना आमच्याकडे रोज कोण येतं, हे कोडं आहे.

एवढं करून शांतता नांदते असं नाही. शेपट्या मात्र शाबूत राहतात.

तुम्हाला घ्यायचेच असतील तर नर एकच घ्या. दुकानदार छोटी पिल्लं दाखवून “जोडी आहे साहेब” म्हणेल. त्या वयात नर-मादी कळत नाही, आणि जोडी म्हणजे दोन भाऊसाहेब निघू शकतात. नदीतून धरलेले नकोत, टाकीत पैदा झालेले मागा. सोबतीला लांब झालरींचा मासा सोडू नका, झालर उरणार नाही. कोरड्या गोळ्यांवर पैसे घालवू नका, हे सहसा त्यांना तोंड लावत नाहीत. गोगलगायी घरीच वाढवा, पण वेगळ्या बरणीत. आणि ती बरणी भाऊसाहेबांना दिसणार नाही अशा जागी ठेवा.