तळीरामास खुले पत्र: गीता कुठे आहे?

मु. पो. नाचणगाव, ता. देवळी, जि. वर्धा

तळीराम,

पत्राच्या आरंभी नमस्कार लिहायची रीत आहे. तुला नमस्कार घालावा असं काही तू आमच्या गावासाठी केलेलं नाहीस, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. शंभर वर्षांहून जास्त काळ तू आम्हाला हसवतो आहेस. त्या हसण्याचा हिशेब मला तुझ्याकडून हवा आहे.

तुझं मूळ गाव आम्हाला ठाऊक आहे. राम गणेश गडकऱ्यांनी ‘एकच प्याला’त तुला उभं केलं. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले, म्हणजे आमच्या विदर्भातच. त्यानंतर महिनाभरात गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला ते नाटक रंगभूमीवर आणलं. तिथे तू ‘आर्य मदिरा मंडळ’ भरवायचास आणि लोक पोट धरून हसायचे. पण गडकरी तुला हसवून मोकळं सोडणारे नव्हते. त्यांनी तुला बायको दिली, गीता नावाची, आणि तुझ्यापायी तिची काय दशा झाली ते दाखवलं. तुला अंथरुणाला खिळवलं, उशाशी डॉक्टर आणि वैद्य भांडत ठेवले आणि मरू दिलं. तू ज्याच्या ओठाला प्याला लावलास त्या सुधाकराच्या घरात मूल गेलं, सिंधू गेली. त्या रात्री नाटकगृहातून घरी जाणाऱ्याला तुझे विनोद आठवत असतील, तर तुझं मरणही आठवत असणार.

मग तू सिनेमात गेलास आणि गीतेला मागे टाकलंस. अंथरूण, वैद्य, मरण, सगळं मागे टाकलंस. सोबत घेतलास तो फक्त झोकांडी खाण्याचा अभिनय. बद्रुद्दीन काझी नावाच्या बस कंडक्टरला गुरुदत्तनं व्हिस्कीवरून जॉनी वॉकर हे नाव दिलं. तो स्वतः दारूला शिवत नसे आणि नट म्हणून अस्सल होता. त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण तुझ्याशी आणि तुला त्यानंतर शेकडो सिनेमांत तसाच्या तसा उतरवणाऱ्या लेखक-निर्मात्यांशी आहे. पडद्यावर तुझं पोट कधी फुगत नाही. तुझे डोळे पिवळे पडत नाहीत. सकाळी चहाचा कप धरताना तुझा हात थरथरत नाही. तुझ्या दारात उधारीवाला उभा राहत नाही. तू नालीत पडतोस आणि पुढच्याच दृश्यात इस्त्रीचा सदरा घालून वरातीत नाचतोस. कोपऱ्यात ‘मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे’ अशी ओळ येते, आणि त्याच वेळी सगळं थिएटर तुझ्या तोल जाण्यावर शिट्ट्या मारत असतं.

आता आमच्याकडे ये. नाचणगाव पुलगावला लागून आहे. सेवाग्राम आणि पवनार ज्या जिल्ह्यात, त्या जिल्ह्यात दारू नको म्हणून वर्ध्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. पन्नास वर्षं उलटली. वर्धा नदीच्या पलीकडे अमरावती जिल्हा लागतो आणि तिथे दुकानं उघडी. पलीकडून येत नाही ती दारू अलीकडे तयार होते. मोहाचा सडवा, हातभट्टी, पन्नीत बांधलेली गावठी. पोलीस ‘वॉश आऊट’ मोहीम काढतात, ड्रम फोडतात, सडवा मातीत ओततात. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते आणि मथळ्यात तुझं नाव असतं: तळीरामांची पंचाईत, तळीरामांना दणका. लिहिणाराही हसत लिहितो, वाचणाराही हसत वाचतो. गीतेचं नाव मथळ्यात मी आजवर वाचलेलं नाही.

तू इथे काय केलं आहेस ते सांगतो. पानठेल्यापुढून एखादा माणूस लटपटत जातो तेव्हा शाळेतून सुटलेली पोरं त्याच्यामागे तुझी चाल चालतात. ती चाल त्यांना सिनेमानं शिकवली. कधी त्या पोरांतच त्या माणसाचा मुलगा असतो. तो नक्कल करत नाही. दप्तर छातीशी धरून मागे रेंगाळतो, बाकीचे पुढे निघून जाईपर्यंत. तळीराम, तुझ्या कुठल्या सिनेमात हा मुलगा आहे? मला दाखव.

बेघर होणं म्हणजे काय, हेही तुझ्या निर्मात्यांना कळलेलं नाही. त्यांच्या लेखी बेघर माणूस मुंबईच्या फुटपाथवर जन्मतो आणि तिथेच गाणं म्हणतो. आमच्याकडे माणूस घर असताना बेघर होतो, आणि हळूहळू होतो. आधी त्याची खाट आतल्या खोलीतून ओसरीत येते. मग तो ओट्यावर निजतो. मग देवळाच्या पारावर, मग पुलगाव स्टेशनच्या फलाटावर. त्याला कुणी हाकललेलं नसतं. घरातले रोजच्या भांडणाला थकलेले असतात. कधी उलटं होतं. तो घरातच राहतो आणि बायको लेकरं घेऊन माहेरी जाते. माहेरी भाऊ-भावजय किती दिवस ठेवतील? मग तीही बेघरच. सरकारच्या कुठल्या मोजणीत अशा बाईला बेघर म्हणून धरतात? सिनेमात तर तिला जागाच नाही.

ज्यांनी खोटं दाखवलं नाही त्यांची नावं तुझ्यासमोर ठेवतो. मीरा नायरचा ‘सलाम बॉम्बे’ १९८८ सालचा. त्यात रघुवीर यादवनं केलेला चिलम आठव. तो गर्द विकतो आणि ओढतो. विकण्याचं काम सुटल्यावर त्याचं अंग तुटायला लागतं, आणि लहानगा कृष्णा त्याच्यासाठी धावपळ करतो. घरी परतायला पाचशे रुपये हवेत म्हणून कृष्णा पैसा पैसा साठवत असतो. ते पैसे चिलम उचलतो आणि त्याच पैशांच्या नशेत मरतो. चिलम दुष्ट नाही. कृष्णावर त्याचा जीव आहे. जीव असूनही तो चोरी करतो. व्यसन घरात शिरलेल्या प्रत्येक माणसाला हे माहीत असतं, आणि तुझ्या निर्मात्यांनी ते आम्हाला एकदाही दाखवलं नाही. त्या सिनेमात खऱ्या रस्त्यावरच्या मुलांनी कामं केली, आणि त्यातून त्याच वर्षी सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला.

त्याआधी रवींद्र धर्मराज यांनी जयवंत दळवींच्या कादंबरीवर ‘चक्र’ केला. स्मिता पाटीलची अम्मा झोपडीत संसार मांडते आणि शेवटी बुलडोझर येतो. आनंद पटवर्धनांनी १९८५ मध्ये ‘हमारा शहर’ या माहितीपटात पाडलेल्या झोपड्यांतली माणसं त्यांच्याच तोंडून बोलू दिली. नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ मोठ्या पैशांचा सिनेमा, पण आमच्या शेजारच्या नागपुरातली वस्ती आणि तिथली मुलं त्यात खरी दिसतात.

मला सगळ्यांत जास्त बोचला तो चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’. २०१४ साली व्हेनिसमध्ये गौरवला गेला, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातल्या शाहिराचं, नारायण कांबळेचं काम नागपूरच्या वीरा साथीदार यांनी केलं. २०२१ मध्ये करोनानं त्यांना नेलं. त्या शाहिरावरचा खटला वासुदेव पवार नावाच्या गटार साफ करणाऱ्या कामगाराच्या मृत्यूचा आहे. त्याची बायको साक्षीला उभी राहते आणि सरळ आवाजात सांगते की नवरा दारू पिऊन गटारात उतरायचा, कारण आतली घाण शुद्धीवर सहन होत नाही. उतरण्याआधी आत दगड टाकायचा आणि झुरळं बाहेर येतात का ते पाहायचा. गॅसनं त्याचा एक डोळा आधीच गेलेला होता. त्या बाईच्या साक्षीत रडारड नाही, पार्श्वसंगीत नाही. दारू तिथे कामाच्या हत्यारांपैकी एक आहे, आणि ते हत्यार त्याच्या हाती कुणी दिलं हे प्रेक्षकाला न सांगता कळतं. पुढे वकील तिला पैसे देऊ पाहतो, तर ती काम असेल तर सांगा म्हणते. गडकऱ्यांच्या गीतेला जवळपास शंभर वर्षांनी कुणीतरी पुन्हा बोलू दिलं.

तू म्हणशील, लोक दमूनभागून थिएटरात येतात, त्यांना हसू दे. हसू दे ना. गडकऱ्यांनीही हसवलंच. पण तुझ्या हसण्यामुळेही आमच्याकडे माणसं मरतात, हे मी जबाबदारीनं लिहितो. तुझ्याकडे पाहून लोकांना वाटतं की दारू म्हणजे माणसाची हौस आहे, मनात आणलं तर सोडेल. म्हणून घरचे त्याला चार भिंतींत कोंडतात, देवाची शपथ घालतात, एका रात्रीत तोडायला लावतात. वर्षानुवर्षं पिणाऱ्यानं दारू अचानक तोडली तर दोन-तीन दिवसांत काहींना झटके येतात, नसलेले साप-किडे दिसतात, कधी जीवही जातो. त्या दिवसांत डॉक्टर लागतो, औषध लागतं. व्यसन हा आजार आहे, हे सुनंदा आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण काढलं तेव्हापासून मराठीत सांगितलं जातं आहे. अवचटांचं गर्दवरचं लेखन वाचून पु. ल. देशपांड्यांनी त्या कामाला देणगी दिली. मराठीतल्या सर्वांत मोठ्या विनोदी लेखकाला या विषयात हसण्यासारखं काय आहे आणि काय नाही, ते नेमकं कळत होतं. तुझ्या लेखकांना अजून कळलेलं नाही.

पुढच्या सिनेमात तू येशीलच. येताना लेखकाला तीन प्रसंग लिहायला सांग. सकाळी सातचा, थरथरत्या हाताचा. किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीचा. आणि बायको रात्री दाराची कडी आतून लावते त्याचा. निर्मात्यानं पैसे नाहीत म्हटलं, तर ‘कोर्ट’मध्ये कॅमेऱ्यापुढे पहिल्यांदाच उभे राहिलेले कितीतरी लोक होते, एवढं त्याच्या कानावर घाल. गीतेची भूमिका करायला बाई मिळत नसेल, तर पुलगाव स्टेशनवर उतर आणि नाचणगावात कुठल्याही गल्लीत विचार.

नाचणगावातला एक प्रेक्षक