वीजघर आणि बातमीघर

रायपुरात सकाळी चहासोबत दैनिक भास्कर येतो. त्या समूहाचा जांजगीर-चांपा जिल्ह्यात १२०० मेगावॅटचा वीजप्रकल्पही आहे. (हसू नका, ‘दिव्य मराठी’ही त्यांचाच.) ऑगस्ट २०२२ मध्ये अदानींनी तो प्रकल्प ७,०१७ कोटींना घ्यायचं ठरवलं, पुढच्या फेब्रुवारीत व्यवहार बारगळला. मधल्या डिसेंबरात एनडीटीव्ही मात्र पदरात पडली. वीजघरापेक्षा बातमीघर स्वस्त! २०२३ मध्येच एनडीटीव्हीची मध्य प्रदेश-छत्तीसगडसाठी खास वाहिनी निघाली. छत्तीसगडातल्याच हसदेवच्या जंगलात कोळसा काढायचं कंत्राटही अदानींकडेच. २०२१ मध्ये तिथले आदिवासी सुमारे ३०० किलोमीटर चालत रायपूरला आले, राज्यपालांना खाणींविरुद्धचं गाऱ्हाणं सांगायला. आता एवढी पायपीट कशाला? खाणीच्या फाटकावरच सांगावं, मालकांचा कॅमेरा तिथे सहज येईल. चालू करायचा की नाही, ते कार्यालयात विचारून सांगतील.