विरार लोकलचं फ्रेंच

आमच्या शाळेत आठवीच्या उंबरठ्यावर एकच खरा प्रश्न असायचा: संस्कृत की फ्रेंच? मुलाला कुठली भाषा आवडते, ही भानगडच नव्हती. संस्कृतला मार्क पडतात हे जगजाहीर होतं. फ्रेंचलाही पडतात अशी कुणकुण होती, वर ‘पुढे उपयोग होतो’ म्हणे. कसला, ते कुणी सांगेना. शेजारच्या मुलाने संस्कृत घेतलं म्हणून माझ्या आईने मला फ्रेंचला घातलं.

शाळा पाद्र्यांची, वांद्र्याच्या बाजूची. फ्रेंचचे सर म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर कुणीतरी गोरागोमटा, अत्तर लावलेला माणूस होता. वर्गात आले ते सावळे, बुटके, काखेत छत्री आणि हातात कापडी पिशवी, पिशवीतून अळूची पानं डोकावतायत. सर वसईचे. घरची वाडी, घरी बोली कादोडी, आणि रोज सकाळी विरार लोकल. ‘बोंजूर’ म्हणाले आणि पिशवी टेबलाखाली सरकवली.

आम्ही उलट ‘बोंजूर, मस्यो’ म्हणायचं होतं. आठवड्याभरात ‘मस्यो’चं ‘मासे’ झालं. वसईच्या माणसाला ते असं चिकटलं, की खालच्या वर्गांना त्यांचं खरं आडनाव कधी कळलंच नाही. सरांच्या कानावर गेलं तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, “शेवटचा र खाता, तेवढं तरी बरोबर करताय.”

शेवटची अक्षरं खाणं हा त्यांचा आवडता धडा. पॅरिस नाही, पारी. मग तो ‘एस’ लिहायचा कशाला, असं मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं. सर खडू खाली ठेवून दाराशी गेले, चौकटीला एका हाताने धरून अर्धे बाहेर झुकले.

“विरार फास्टला असा लोंबकळणारा माणूस पाहिलायस? तो गाडीत आहे?”

“नाही सर.”

“गाडीबरोबर जातोय?”

“हो सर.”

“तोच तुझा एस. पण पुढे स्वर आला की? स्वर म्हणजे भला माणूस. तो हात देतो आणि याला आत ओढून घेतो.” असं म्हणत सर खरोखरच उडी मारून वर्गात आले. “ले आमी नाही! लेझामी!”

अनेक वर्षं झाली. व्याकरणातला तो नियम माझ्या डोक्यात अजून सरांच्या चपलेच्या आवाजासकट बसलाय.

फ्रेंच ‘र’साठी त्यांनी पुस्तक उघडलंच नाही. “मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतोस ना, तिथे जीभ नेऊन ठेव.” पस्तीस मुलांनी एकदम घसे खाकरायला सुरुवात केली, तेव्हा प्रिन्सिपल फादर घाबरून वर्गात डोकावले. साथ आली की काय! सर शांतपणे म्हणाले, “नाही फादर, पारीचा र आलाय.”

टेबल फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी, यावर आम्ही आठवडाभर दात काढले. इंग्रजी माध्यमाच्या पोरांना निर्जीव वस्तूंची लिंगं म्हणजे करमणूक. सरांनी पिशवी टेबलावर उपडी केली. “हा भोपळा. ही काकडी. हे वांगं. तुमच्या घरी कुणी ठरवलं हे? आजोबांनी? आपण तीन-तीन सांभाळतो रे, त्या बिचाऱ्यांकडे दोनच आहेत.” मग भाजी मोजून परत पिशवीत भरली. एक काकडी कमी भरली, तो विषय त्यांनी मोठ्या मनाने सोडून दिला.

आकड्यांचं तसंच. फ्रेंच माणूस सत्तरपाशी दमतो. सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस, आणि नव्व्याण्णव म्हणजे चार-वीस-एकोणीस! आम्हाला हे वेडपट वाटलं. सरांना नाही. “माझी आजी पेंढ्या कोडीवर मोजायची. चार कोड्या म्हणजे ऐंशी. ती शाळेत गेली नव्हती, एवढाच फरक.” पालकसभेत मात्र याचा घोळ व्हायचा. एका आईला सरांनी मुलाचे मार्क कौतुकाने फ्रेंचमध्ये सांगितले, वर भाषांतरही करून दिलं: चार-वीस-पंधरा. मुलगा पंच्याण्णव मिळवून घरी मार खाऊन आला.

‘त्यू’ आणि ‘व्हू’ शिकवताना सर भलतेच रंगायचे. त्यू म्हणजे तू, व्हू म्हणजे तुम्ही. “मामलेदाराला काय म्हणाल? व्हू. सासऱ्याला? व्हू. आणि देवाला?” इथे हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळी पोरं एकसुरात ‘त्यू’ म्हणायची, कारण ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना सरांनी आमच्याकडून फ्रेंचमध्ये पाठ करून घेतली होती. मग सर हळूच सांगायचे, की फ्रान्समधले कॅथलिक त्या प्रार्थनेत 1966 पर्यंत देवाला व्हू म्हणायचे. “आमच्या वसईत तो आधीपासूनच घरचा.” हे सांगताना वसईने फ्रान्सला हरवल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर लपत नसे.

संस्कृतच्या बाईंशी त्यांचं शीतयुद्ध होतं. परक्या भाषेचं एवढं काय कौतुक, असं बाई स्टाफरूममध्ये म्हणाल्या. सर वर्गात येऊन आमच्यावर उखडले. “थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री 1579 साली गोव्यात आला. आपली मराठी शिकला आणि अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहून बसला, 1616 मध्ये छापूनही आलं. आणि तुम्हाला दहा क्रियापदं चालवता येत नाहीत?” बाईंचा राग आमच्या डोक्यावर, पण ओव्यांचा आकडा आम्हाला कायमचा पाठ झाला.

सरांचा एक दोष सांगितलाच पाहिजे. त्यांना चुकीचा उच्चार ऐकून पुढे जाता येत नसे. स्टेशनजवळच्या बेकरीत ते दर शुक्रवारी ‘क्र्वासाँ’ मागायचे. काउंटरवरचा पोऱ्या म्हणायचा, “तो आयटम नाही, अंकल.” समोर काचेत ढिगाने पडलेले असायचे. बोट दाखवून मागणं सरांच्या तत्त्वात बसत नव्हतं. ते खारी घेऊन घरी जायचे.

एकदा कुणीतरी विचारलंच, “सर, तुम्ही फ्रान्सला गेलायत?”

“संस्कृतच्या बाई कण्वाच्या आश्रमात जाऊन आल्यात का, ते विचार आधी.”

गेले नव्हते. पासपोर्टसुद्धा नव्हता. पण वसई, नायगाव, भाईंदर म्हणावं तशी पॅरिस मेट्रोची पहिली लाइन त्यांना तोंडपाठ होती. ती 1900 साली सुरू झाली, हे सांगून ते फळ्यावर एक आडवी रेघ ओढायचे आणि ठिपके देत जायचे: काँकॉर्द, त्वीलरी, पाले रोयाल, लूव्र, शातले. शातलेपाशी खडू थांबायचा, ठिपक्याभोवती मोठा गोल व्हायचा.

“इथे गाडी बदलायला उतरू नका. नकाशात सोपं दिसतं. हे त्यांचं दादर आहे, हरवाल.”

मागच्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी पॅरिसला गेलो. शातलेला गाडी बदलायला उतरलो. बाहेर पडायला मला पंचवीस मिनिटं लागली.