पुस्तकात असं नाहीये

'बघितलास का?' असं सिनेमाबद्दल विचारलं की हा 'वाचलंय' असं उत्तर देतो. तेवढ्यावरून ओळखावा.

अद्भुत कादंबऱ्या हा त्याचा प्रांत आणि २००६ साली आलेला 'एरागॉन' ही त्याची भळभळती जखम. ख्रिस्तोफर पाओलिनीनं पंधराव्या वर्षी लिहायला घेतलेली ही पाचशे पानी कादंबरी त्याला तोंडपाठ. पडद्यावर ती पावणेदोन तासांत उरकली. तरी टीव्हीवर सिनेमा लागला की कुणी चॅनेल बदलू नये म्हणून हा रिमोट मांडीखाली घेऊन बसतो. नावं ठेवायची तर शेवटपर्यंत बघूनच.

सॅफिरा हे ड्रॅगनचं पिल्लू पहिल्यांदा आकाशात झेपावतं, ढगांत वीज चमकते आणि खाली उतरते ती पूर्ण वाढलेली ड्रॅगन. हा ताडकन उभा. "महिने लागतात पुस्तकात! रानात लपवून वाढवतो एरागॉन तिला!"

"बरं झालं बाई, पटकन मोठी झाली," आई भाजी निवडत म्हणते. "नाहीतर तू."

पुढं बुटक्यांचा राजा चांगला उंचापुरा निघतो, एल्फ असूनही आर्याचे कान टोकदार नसतात, पहिल्या पुस्तकात समोर न येणारा गॅल्बटोरिक्स सिंहासनावरून डोळे वटारतो. दिग्दर्शक आधी स्पेशल इफेक्ट्सवाले होते, दिग्दर्शनाचा हा पहिलाच सिनेमा, हे तो मुलाकडच्यांनी लग्नाआधी लपवलेल्या गोष्टीसारखं सांगतो. ब्रॉम झालेल्या जेरेमी आयर्न्सना तेवढी माफी. पण राझॅक? "त्यांना इथंच मारलं, तर दुसऱ्या भागात रोरनच्या गावावर चालून कोण येणार?" दुसरा भाग कुणी काढलाच नाही. त्याचा मुद्दा मात्र बिनतोड आहे.

'पर्सी जॅक्सन'वर २०१० साली आलेल्या सिनेमात बारा वर्षांचा पर्सी चांगला मिसरूड फुटलेला होता. त्यावर यानं बरीच वर्षं काढली. पण २०२३च्या अखेरीस मालिका आली ती खुद्द लेखक रिक रिऑर्डनना हाताशी धरून, आणि पोरगाही शोभेल त्या वयाचा. बारीकसारीक फरक सोडले तर हाताला काही लागेना. गडी पार उतरला. आईनं दोनदा कपाळाला हात लावून बघितला. मग सहावा भाग आला. पुस्तकात पर्सी मोहिमेची मुदत गाठतो. इथं ती चक्क टळली.

"आई! लवकर ये, बघ काय केलंय यांनी!"