मूळ गाव कोणतं?

कोळसा खाणीतून निवृत्त झालेला माणूस सहसा पेन्शनला लागतो किंवा भजनाला. आमच्या कन्हानच्या काकांनी तिसरीच वाट धरली. ते झाडांचं मूळ गाव तपासतात.

फाल्गुन लागला की चार शेजारी गोळा करून ते रामटेकची गाडी धरतात. गडाच्या उतारावर पळसाला पान नसतं, नुसतं फूल. खडकात गणेरी पिवळीधमक. धायटीच्या झुडपांना तांबड्या नळ्या लगडलेल्या, त्यांत सूर्यपक्ष्याची चोच. आपण 'वा' म्हणायला तोंड उघडावं, तोच काका हात आडवा करतात. "थांबा. मूळची कुठची ते पाहू द्या."

धायटी पास होते. "आपली हाय. आसवं हिच्याच फुलांनं आंबवतात, वैद्याले इचारा." पुढे घाणेरी. एखादी बाई तिच्या गुच्छांचा फोटो काढत असली की संपलंच. "अमेरिकेची हाय ते! इंग्रजानं शोभेले आनली, आता रान खाऊन रायली." हे खरं आहे, म्हणून तर वाद घालता येत नाही. कुड्याला अजून फूल नसतं, तरी त्याच्यापुढे ते चपला काढतात. मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेक, हे संशोधक मिराशींचं मत त्यांना पाठ आहे. "यक्षानं ढगाले कुड्याचीच फुलं वायली. गुलमोहर नाई वायला!" मादागास्करचा गुलमोहर इकडे यायला तेव्हा हजारावर वर्षं बाकी होती, हे कालिदासाच्या बाजूनं कोणी सांगत नाही.

खाली उतरल्यावर आलूबोंडा आणि तळलेली मिरची. कॉलेजातला एक पोरगा म्हणाला, "काका, आलू आन् मिरची दोन्ही अमेरिकेच्याच."

"तोंडात गेलं का आपलं."

तसं पाहिलं तर कन्हानात मूळचं कोण? खाणीनं आणि रेल्वेनं कुठून कुठून माणसं आणून वसवली. काकांचे आजोबाही छिंदवाड्याकडचे. काढा हा विषय, उत्तर तयार असतं. "कन्हान नदीबी तिकूनच आली न? आमी तिच्यासंगं आलो."

यंदा त्या पोरानं पायथ्याच्या सीताफळीकडे बोट दाखवलं. हीसुद्धा अमेरिकेची. गड रामाचा, झाडाला नाव सीतेचं आणि मूळ गाव समुद्रापार! काका खाली बसले. पाणी प्याले. शेवटी म्हणाले, "सीतामाईचं नाव लागलं न? मंग ते सून झाली. सुनेचं माहेर कोनी इचारत नाई."

काकू हेच ऐकायला टपलेल्या. घरच्या फाटकावर त्यांनी लावलेली बोगनवेल गेली कित्येक वर्षं काकांच्या विळ्याच्या धाकात जगते आहे. "असं हाय तं माह्या बोगनवेलीचं नाव आजपासून मंदोदरी."

काका ताडकन उठले. "मंदोदरी? अवो, ते तं लंकेची!"