पुरी कशी करावी (नवशिक्यांसाठी)

शीर्षक वाचून कणीक मळायला घेतली असेल तर आधी हात धुऊन या. ही पुरी तळायची नाही, नुसती करायची आहे. आपल्या उपनगरात तीर्थक्षेत्र कुणी बघत नाही, ते करतात. "काशी झाली, रामेश्वर झालं, आता एवढी पुरी केली की सुटलो," हे वाक्य मुलुंडच्या पाच रस्त्यावर भाजी घेताना सहज कानावर पडतं. भांडी झाली, इस्त्री झाली, द्वारका झाली.

बद्रीनाथ, द्वारका आणि रामेश्वर उरकलेल्या, पण पूर्वेची चौकट रिकामी म्हणून रात्री कूस बदलत राहणाऱ्या गरजूंसाठी ही कृती आहे. सात रात्री, आठ दिवस. भुवनेश्वर, कोणार्क, पुरी आणि वेळ उरलाच तर पुढचं. मी स्वतः अशा तीन सहली केल्या असून एकही देऊळ नीट पाहिलेलं नाही. तेव्हा अधिकाराने बोलतो आहे.

साहित्य

चार धामांची अपुरी यादी, एक. बी विंगमधलं नुकतंच पुरी करून आलेलं जोडपं, एक (ईर्ष्येसाठी). गुडघ्याचे पट्टे, दोन जोड. पॉवर बँक, माणशी एक. ठेपले, खाकरे, चिवडा आणि मेतकूट, विमान कंपनी नेऊ देईल तेवढं. देवळासाठी वेळ, चवीपुरता.

कृती

१. आधी पात्रता तपासा. घाबरू नका, तुम्ही पास आहात. जोगेश्वरीला सहाव्या शतकातलं शैव लेणं आहे. बोरिवली-दहिसरच्या मध्ये मंडपेश्वर आहे. पोर्तुगीजांनी तिथे चर्च केलं होतं. अंधेरीत महाकाली लेणी आहेत आणि त्यांच्या नावाच्या रस्त्यावर तुम्ही आयुष्याची काही वर्षं ट्रॅफिकमध्ये घालवली आहेत. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीची शंभराहून जास्त लेणी आहेत. शाळेच्या सहलीत तुम्ही तिथे डबा खाल्ला होता. यांतलं एकही न बघता तुम्ही पन्नाशी गाठलीत. घराजवळ एवढा सराव झालेल्या माणसाला ओडिशा जड जाणार नाही.

२. वाहन निवडा. कोणार्क एक्सप्रेसने जाता येतं. ती पुणे, सोलापूर, सिकंदराबाद, विजयवाडा, विशाखापट्टणम असा अर्धा देश दाखवत दीड दिवसाने भुवनेश्वरला पोचते. पण वाटेत खिडकीबाहेर बघितलं जाण्याचा धोका असतो, म्हणून विमान बरं. साडेसहाच्या विमानासाठी बोरिवलीहून पावणेतीनला निघा. हायवे रिकामा मिळून साडेतीनला पोचाल आणि मग तीन तास विमानतळावर डुलक्या काढाल. ही झोप पुढे बसमध्ये, नेमकी गाईड बोलत असताना, पूर्ण करता येते.

३. जेवणाची खात्री करून घ्या. सहल ठरवताना देवळं किती, हे विचारू नका. "सकाळी पोहे मिळतील ना?" हे विचारा. चांगल्या सहलीबरोबर स्वतःचा महाराज असतो. तो भुवनेश्वरच्या हॉटेलमागे शेगडी मांडून तुम्हाला थेट मुलुंडमध्ये परत नेतो. बाहेर दहीबरा-आळूदम विकणारा सायकलवाला उभा असेल, रस्त्यात पहाळ्याचे रसगुल्ले लागतील, दुकानात छेनापोडं दिसेल. "पोटाला सोसायचं नाही" असं म्हणा आणि तिखट फरसाण उघडा.

४. भुवनेश्वर: देवळांना जोडून घ्या. या गावात देवळं इतकी आहेत की प्रत्येकाकडे वेगळं लक्ष देणं अन्यायाचं ठरेल. अकराव्या शतकातलं लिंगराज मोठं, दहाव्या शतकातलं मुक्तेश्वर लहान आणि राजाराणी मधलं, एवढं पुरे. राजाराणीच्या गाभाऱ्यात मूर्ती नाही आणि दारात पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे. देव नाही वर पैसे, हा व्यवहार कोणत्याही घाटकोपरकराला पटणारा नाही. निम्मा गट बसमध्येच बसेल. त्यांच्यात बसा, एसी चालू असतो.

इथे स्वतःची एक चूक सांगतो, म्हणजे तुम्ही ती करणार नाही. मुक्तेश्वरापुढे दगडी तोरण आहे. ओडिशातली बाकीची देवळं बघितली नसल्यामुळे ते इतकं वेगळं का वाटतं हे कळेना, म्हणून मी त्याच्याखाली जरा थांबलो. कमानीवर एक बाई रेलून बसावी तशी कोरली आहे, तिच्याकडे बघत राहिलो. बस बारा मिनिटं खोळंबली. सहलीला चार वर्षं झाली; ती बारा मिनिटं अजून ग्रुपवर निघतात.

५. कोणार्क: चक्र झाका. पूर्व गंग घराण्याच्या पहिल्या नरसिंहदेवाने तेराव्या शतकात सूर्याचा अख्खा रथ दगडात उभा केला. चोवीस चाकं, सात घोडे. मुख्य शिखर केव्हाच कोसळलं. उरलेला जगमोहन, म्हणजे पुढचा मंडप, पडू नये म्हणून इंग्रजांनी १९०३ साली आत वाळू भरून दारं बंद केली. म्हणजे आत जाता येत नाही, पूजा होत नाही, प्रसाद नाही. "मग इथे करायचं काय?" हा प्रश्न गटात कुणीतरी विचारेल. उत्तर सोपं आहे: चाकापुढे फोटो.

फोटोची पद्धत अशी. चाकाच्या बरोबर मधोमध उभे राहा. दोन्ही हात पसरा. चाकाचं कोरीवकाम जेवढं तुमच्यामागे जाईल तेवढा फोटो यशस्वी. मग जोडीचा, मग फक्त बायकांचा, मग "एक सगळ्यांचा". गाईड चाकावरच्या सावलीवरून किती वाजले ते सांगू लागेल. आठशे वर्षांपूर्वीचं हे घड्याळ अजून चालतं, असं तो म्हणेल. तुम्ही मनगटाकडे बघून "दोन मिनिटं मागे आहे" म्हणा आणि पुढे व्हा.

६. कुटुंबासह शिल्पदर्शन. कोणार्कच्या भिंतींवर काही शिल्पं अशी आहेत की ती सोसायटीतल्या माणसांबरोबर बघायची नसतात. गाईड घसा साफ करून "ये जीवन का एक अंग है" म्हणाला की समजा, जागा आली. पुरुषांनी ताबडतोब शिखराच्या बांधकामाबद्दल शंका काढावी. बायकांनी सुनेला विचारावं, "पाण्याची बाटली बसमध्येच राहिली का गं?" दहावीतल्या मुलाला बूट बांधायला सांगावं. त्याने सगळं आधीच बघितलेलं असतं, ही गोष्ट सगळ्यांनी मिळून लपवावी.

७. पुरी: फोन ठेवण्याचा प्रसंग. आता मन घट्ट करा. जगन्नाथाच्या देवळात मोबाइल नेता येत नाही. चपला, कातडी पट्टा आणि पाकीटही नाही. २०२४ च्या जानेवारीपासून बर्म्युडा आणि फाटक्या जीन्सही नाहीत, म्हणजे अर्धा गट हॉटेलवर परत. चपलांचं टोकन हरवेल या भीतीने आत चित्त लागणार नाही, पण धीर धरा. देवाच्या रत्नभांडाराची मोजदाद १९७८ साली झाली, मग आतल्या खोलीच्या किल्ल्यांचा घोळ झाला आणि २०२४ च्या जुलैत कुलपं तोडून ती उघडावी लागली. त्यापुढे तुमचे फ्लोटर्स कोण?

खरा धोका आत आहे. बावीस पायऱ्या चढून गर्दीच्या लोंढ्यातून तुम्ही आत ढकलले जाल, हात मोकळे असतील, आणि समोर कडुनिंबाच्या लाकडाचे काळे, पांढरे, पिवळे तीन देव उभे असतील. त्यांतला जगन्नाथ दोन वाटोळ्या, बिनपापण्यांच्या डोळ्यांनी थेट तुमच्याकडे बघत असेल. मध्ये स्क्रीन नाही. अशा वेळी माणूस चुकून बघतो. काहींच्या डोळ्यांत पाणी आल्याचंही ऐकिवात आहे. तसं वाटू लागलं तर लगेच चपलांचं टोकन आठवा. तेवढ्यात मागचा माणूस तुम्हाला ढकलेलच.

मूर्तींना पुरते हातपाय का नाहीत, हेही माहीत असू द्या. बंद दाराआड म्हातारा सुतार मूर्ती घडवत होता. मुदतीआधी दार उघडायचं नाही असं ठरलं असताना इंद्रद्युम्न राजाला दम निघाला नाही, त्याने दार उघडलं आणि काम अर्ध्यावर राहिलं. तेव्हा "चला चला, पुढचा पॉइंट राहील" म्हणून शिट्टी फुंकणाऱ्या टूर मॅनेजरला नावं ठेवू नका. त्याची परंपरा जुनी आहे.

८. पंड्याशी व्यवहार. पंडा "गाव कोणतं?" विचारेल. "मुलुंड" म्हणू नका. त्याच्या वहीत मुलुंड नाही. "मूळ गाव?" तो विचारेल. इथे बरीचशी मंडळी अडखळतात आणि मुंबईला बायकोला फोन लावायचं ठरवतात, पण फोन लॉकरमध्ये असतो. मूळ गाव, कुलदैवत, आजोबांच्या वडिलांचं नाव: हे तीन प्रश्न सातशे चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये कुणी विचारलेले नसतात. उत्तरं येत नसतील तर दक्षिणेची रक्कम वाढवा. पंडा समजून घेतो.

९. महाप्रसाद टाळा. देवळाच्या स्वयंपाकघरात ७५२ चुली आहेत असं सांगतात. मातीच्या मडक्यांची उतरंड चुलीवर चढते आणि सर्वांत वरचं मडकं आधी शिजतं अशी श्रद्धा आहे. बटाटा आणि टोमॅटो त्या चुलींनी अजून पाहिलेले नाहीत. देवळातल्या आनंदबाजारात जमिनीवर बसून, शेजारी कोण, कुठल्या जातीचा हे न विचारता एका पंगतीत जेवायची रीत आहे. पण साडेबाराला हॉटेलवर महाराजाने बटाट्याची भाजी आणि पुऱ्या केलेल्या असतात. पुरीला येऊन पुरीच खायची, हा योग चुकवू नका.

संध्याकाळीही सावध राहा. सूर्य कलला की एक सेवक पाठीला निशाणं बांधून दोनशे चौदा फुटी शिखरावर चढतो आणि नीलचक्रावरचा ध्वज बदलतो. दोर नाही, शिडी नाही, आणि हे रोज. खाली बाजारातले लोक मान वर करून गप्प उभे राहतात. ही तुमची चहाची वेळ आहे.

१०. इतिहास एकदाच सांगा. सिंहद्वारापुढे अखंड दगडाचा अरुणस्तंभ आहे. तो मूळचा कोणार्कचा. १७५१ ते १८०३ या काळात ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे होता आणि अठराव्या शतकात मराठ्यांनीच तो खांब पस्तीस किलोमीटर ओढून इथे उभा केला. कोणार्क-पुरी मार्गावरची ही पहिली मराठी ग्रुप टूर म्हणता येईल. त्यांनी आठवण म्हणून खांब आणला, आपण फ्रिजचं मॅग्नेट आणतो. हे सांगताना छाती जरूर फुगवा. मात्र सहल पुढे बंगालला जाणार असेल तर तिथे फुगवू नका. भोसल्यांचे सरदार भास्करपंत यांच्या फौजांना तिकडे 'बर्गी' म्हणतात आणि लेकरांना झोपवायच्या गाण्यात अजूनही आपलीच भीती घालतात.

११. जमलंच तर बाकीचं. झारखंडमधल्या देवघरला बैद्यनाथापुढे उभं राहून "ज्योतिर्लिंग आमच्या परळीचं" हे हळू आवाजात म्हणा. पण नमस्कार करून ठेवा, यादीत काय लिहायचं ते घरी ठरवता येईल. गयेला विष्णुपद मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८७ साली बांधून घेतलं. तिथे एक आवडता पदार्थ कायमचा सोडायची रीत आहे. मराठी माणूस आजवर कारलंच सोडत आला आहे. तुम्ही दुधी सोडून थोडा वेगळेपणा दाखवा.

१२. वाढणी. घरी आल्यावर पुरीहून आणलेला खाजा फोडा आणि मजल्यावर प्रत्येक दारात दोन दोन तुकडे द्या. "कशी झाली सहल?" या प्रश्नाला "छान. गर्दी फार, पण दर्शन मस्त झालं. पोहे अगदी घरच्यासारखे," एवढं उत्तर पुरतं. पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण त्यांचंही तसंच झालेलं असतं. यादीतल्या पुरीपुढे बरोबरची खूण करा.

मग दुसऱ्या दिवशी रिक्षाने स्टेशनला निघा. उतरताना रिक्षावाला सुट्ट्यात दहाची चॉकलेटी नोट देईल. आजवर ती न बघताच खिशात गेली आहे. आज पाठीमागची बाजू वर करा. कोणार्कचं चाक आहे. समोर कुणी हात पसरून उभं नाही. आरे मोजता येतात: आठ जाड, आठ बारीक. तुमच्या फोनमधल्या एकेचाळीस फोटोंत नेमके हेच तुमच्या पाठीमागे गेले आहेत.

मोजून झाले की नोट खुशाल खर्च करा. कोणार्क झालं.